अक्षरं होती गं तिथं!

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे दोन भांड्यांत चिंच भिजायची. वाटीतली आमटीसाठी आणि पातेल्यातली घासायला. समया, घंटा, तांब्याचा हंडा, पितळी डबे आणि सगळ्यांत शेवटी तलवार. लग्न होऊन नागापुरात आले, त्या पहिल्याच दसऱ्याला ही तलवार माझ्या हातात आली, ती मोरीत, चिंचेच्या कोळासकट. "सूनबाई, लख्ख कर बरं का," सासूबाई म्हणाल्या. नव्या सुनेचा उत्साह! मी चिंच लावली, मीठ लावलं, वरून चाळलेली राख लावली आणि हात दुखेपर्यंत घासली. पातं चकाकायला लागलं तेव्हा सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून मला अगदी धन्य वाटलं होतं.

पुढे वीसेक वर्षं दर दसऱ्याला हेच चाललं. राखेच्या जागी भांडी घासायची पावडर आली, काथ्याच्या जागी तारेची घासणी आली, एवढाच काय तो फरक.

ही तलवार आमच्या घराण्यात कधीपासून आहे, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. सासऱ्यांचे आजोबा सांगायचे म्हणे, की आपला कुणी पूर्वज खर्ड्याच्या लढाईत होता. खर्डा आपल्याच जिल्ह्यातलं, जामखेड तालुक्यातलं. 1795 साली तिथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, हे शाळेत शिकलेलं असतंच. आता आमचा पूर्वज तिथे खरंच लढला, की सामानाच्या बैलांमागे चालत होता, कुणास ठाऊक! कागद काहीच नाही. होती ती फक्त तलवार.

आमचं नागापूर म्हणजे नगर-मनमाड रस्त्यावरचं, सीना नदीच्या काठचं मूळचं खेडं. आता एमआयडीसीमुळे ओळखलं जातं. त्यामुळे खंडेनवमी इथे घराघरांत असते, त्याहून जास्त कारखान्यांत असते. लेथ, ड्रिलिंग, प्रेस सगळी यंत्रं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून उभी असतात. पान्यांना, हातोड्यांना हळदकुंकू लागतं, पेढे वाटले जातात. बायकासुद्धा विळी, कात्री, शिलाईचं मशीन पुजतात. ज्याच्यावर आपलं पोट चालतं, त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, ही रीत मला फार आवडते.

2019 सालच्या खंडेनवमीला आमच्या पुतण्याच्या मनात आलं, की काकूला दरवर्षी मोरीत बसून तलवार घासावी लागते, या वेळी आपणच काहीतरी करू. त्याच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तो ती घेऊन गेला आणि पात्यावर बफिंग मारून आणली. संध्याकाळी कापडातून बाहेर काढली, तर आरसाच! त्यात तोंड दिसत होतं. घरातली पोरं फोटो काढायला लागली. मीसुद्धा म्हटलं, "बरं झालं बाबा, माझा एक दिवस वाचला."

सासूबाई पाटापाशी बसल्या. पूजेआधी त्या नेहमी मुठीच्या खाली, पात्याच्या पाठीवरून अंगठा फिरवायच्या. ती त्यांची सवय मी इतकी वर्षं बघत होते, कधी विचारलं मात्र नव्हतं. त्या दिवशी त्यांनी अंगठा फिरवला, थांबल्या, परत फिरवला.

"अक्षरं होती गं तिथं," त्या म्हणाल्या. "कुठं गेली?"

मैत्रिणींनो, सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना ती अक्षरं अंगठ्याला कळायची. त्यांच्या सासूने त्यांना तिथे हात लावून दाखवला होता, 'हे आपलं नाव आहे' म्हणून. नाव होतं, की आणखी काही, ते आता कधीच कळणार नाही. आणि मी? मी बी. ए. झालेली. इतिहास हा माझा विषय. वीस वर्षं ती तलवार माझ्या हातात होती आणि तिच्यावर काही लिहिलेलं आहे, हे मला माहीत नव्हतं! मी फक्त घासत होते.

पुतण्या बिचारा रडवेला झाला. सासूबाई त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. पूजा झाली, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

गंज की दाखला?

दसरा झाल्यावर मी ती तलवार घेऊन इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी जुन्या शस्त्रांचा बराच अभ्यास केलेला आहे. त्यांनी भिंग लावून पातं पाहिलं आणि विचारलं, "दरवर्षी चिंच लावायचात का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग सगळा दोष त्या मुलाला देऊ नका. बफने शेवटचं उरलेलं पुसलं. त्याआधीचं चिंचेने आणि घासणीने नेलं."

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. चिंच, लिंबू, आमसूल हे सगळं आंबट, म्हणजे आम्ल. तांब्या-पितळेवरचा काळेपणा ते काढतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळ्याच धातूंना ते चालतं. पण पोलाद हे पितळ नव्हे. आम्ल त्याला खातं. त्यात मीठ घातलं तर पाणी सुकल्यावर गंज आणखी जोरात चढतो. मग पुढच्या वर्षी आपण तो गंज काढायला आणखी घासतो. दर वर्षी थोडं थोडं पातं झिजतं. सगळ्यांत आधी जातं ते वरवरचं काम, म्हणजे अक्षरं, शिक्के, सोन्याची नक्षी.

सोन्याच्या ज्या नक्षीला कोफ्तगारी म्हणतात, ती कशी करतात ते ऐकून तर मी कपाळावर हात मारला. पोलादावर बारीक बारीक रेघा ओढून पृष्ठभाग खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोन्याचा थर अगदी पातळ असतो. तारेच्या घासणीपुढे तो किती टिकणार? आपल्या दख्खनमध्ये खास प्रकारच्या पोलादाची पातीही होती. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांमध्ये बंद मुशीत हे पोलाद बनत असे आणि इराणपर्यंतचे व्यापारी ते न्यायला येत. अशा पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी बारीक नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. ती कुणी वरून काढलेली नसते, पोलादाच्या आतच असते. पण पॉलिश मारलं की ती दिसेनाशी होते आणि तलवार शोभेच्या तलवारीसारखी सपाट चकचकीत दिसते.

"आणि मूठ हलते आहे, पाहिलंत का?" त्यांनी विचारलं. खरंच हलत होती. भारतीय तलवारीचं पातं मुठीत बसवताना आत लाख किंवा राळ वितळवून ओततात. ती थंड झाली की पातं घट्ट धरून ठेवते. बफिंगच्या चाकावर पातं तापलं, लाख मऊ झाली आणि मूठ ढिली पडली. गरम पाण्यात तलवार बुडवली, कडक उन्हात वाळत टाकली, तरी हेच होऊ शकतं. मला आठवलं, आम्ही धुतल्यावर ती गच्चीत उन्हात ठेवायचो!

गंजाचेही दोन प्रकार असतात, हे मला तेव्हा कळलं. बोट लावल्यावर नारिंगी-तांबडी भुकटी निघते तो चालू गंज. तो पातं खात असतो, त्याला थांबवायला हवं. पण वर्षानुवर्षांत चढलेला गडद तपकिरी, काळसर, गुळगुळीत रंग म्हणजे लोखंडाचं वय. तो काढायचा नसतो. जाणकार माणूस त्या रंगावरूनच खरी-खोटी, जुनी-नवी ओळखायला सुरुवात करतो. आपण मात्र त्याला मळ समजतो.

अक्षरांची किंमत

अक्षरं गेली म्हणून एवढं काय बिघडलं, असं कुणाला वाटेल. मलाही मधली काही वर्षं मनाची समजूत घालावीशी वाटत होती. पण 2025 साली वर्तमानपत्रांत एक बातमी आली आणि जखम पुन्हा उघडी पडली.

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजीराजे भोसले यांची तलवार त्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनला सदबीज या कंपनीच्या लिलावात आली. महाराष्ट्र सरकारने ती मध्यस्थामार्फत विकत घेतली. एकूण खर्च 47 लाख 15 हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ती फिरंग पद्धतीची आहे, म्हणजे पातं सरळ, एकधारी आणि युरोपात बनलेलं, मूठ मात्र आपल्याकडची. त्या काळी परदेशी पाती समुद्रमार्गे येत आणि मराठे सरदार त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवून घेत. अशा फिरंगी तलवारी आजही अनेक संग्रहांत आहेत. मग याच तलवारीचं एवढं महत्त्व का? तर तिच्या पाठीवर, मुठीच्या जवळ, सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघुजीराजांचं नाव, 'सेनासाहेब सुभा' हा त्यांचा किताब आणि 'फिरंग' हा शब्द लिहिलेला आहे. हा किताब त्यांना छत्रपती शाहू महाराजांनी दिलेला.

म्हणजे बघा, मुठीजवळ, पात्याच्या पाठीवर. आमच्या सासूबाई जिथे अंगठा फिरवायच्या, अगदी तिथेच! आमची तलवार काही सेनासाहेबांची नव्हती, याची मला पूर्ण कल्पना आहे. ती एखाद्या साध्या शिलेदाराचीच असणार. पण त्या साध्या माणसाचंही नाव होतं, आणि ते टिकवण्याचं काम आमच्या घरच्या बायकांकडे आलेलं होतं.

रघुजीराजांची तलवार जर मधल्या काळात कुणा साहेबाच्या घरी चिंचेने घासली गेली असती, तर आज ती 'एक जुनी फिरंगी तलवार' एवढीच उरली असती.

जपानी बायकांची गोष्ट

माझी भाची पुण्यात जपानी भाषा शिकली. ही सगळी हकीकत तिला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मावशी, जपानमध्ये तर तलवारीचा गंज पुसणं म्हणजे पाप!" मग तिच्याकडून आणि तिने मिळवून दिलेल्या पुस्तकांतून मी जे समजून घेतलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

जपानी तलवारीचं पातं आरशासारखं असतं हे खरं, पण ते काम शिकायला दहा-दहा वर्षं घालवलेल्या कारागिराचं. घरच्या माणसाने पॉलिशला हात लावायचा नाही. पात्याचा जो शेवटचा भाग लाकडी मुठीच्या आत जातो, त्याला ते नाकागो म्हणतात. कारागीर आपलं नाव तिथेच कोरतो. त्या भागावरचा गंज शेकडो वर्षं कुणीही काढत नाही. त्याचा रंग आणि पोत पाहून वय ठरवतात. गंज काढलेली तलवार दाखवली, तर तिची किंमत एकदम खाली येते. कोरलेल्या नावावरही ते डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत, कारण मोठ्या कारागिरांच्या खोट्या सह्या पूर्वीपासून होत आल्या आहेत. पातं, गंज, सही या सगळ्यांचा मेळ बसला तरच ती खरी.

हे ऐकून आमचे प्राध्यापक हसले होते. आपल्याकडेही तसंच, म्हणाले. युरोपातल्या नामांकित कारागिरांचे शिक्के इथल्या पात्यांवर सर्रास उमटवले जात. तेव्हा नुसती परदेशी अक्षरं दिसली म्हणून हुरळून जायचं नाही.

घरी जपानी तलवारीची देखभाल कशी करतात? पात्याला उघडं बोट लावत नाहीत, कारण घामातल्या मिठाने गंज चढतो. तलवार हातात असताना तिच्या जवळ बोलत नाहीत, थुंकीचा तुषार उडेल म्हणून! मऊ कागदाने जुनं तेल टिपायचं, रेशमी पुरचुंडीत बांधलेली अतिबारीक दगडी भुकटी हलके हलके टेकवायची, ती पुसून घ्यायची आणि लवंगेच्या वासाच्या हलक्या तेलाचा पातळ हात फिरवायचा. बस्स. घासणं नावाचा प्रकारच नाही.

दुसऱ्या महायुद्धात 1945 साली जपान हरला, तेव्हा अमेरिकन सैन्याने घराघरांतल्या तलवारी जमा करायला सुरुवात केली. कितीतरी नष्ट झाल्या. होम्मा जुंजी आणि सातो कानझान या अभ्यासकांनी अमेरिकन अधिकाऱ्यांना पटवून दिलं, की ही नुसती हत्यारं नाहीत, ही कला आहे. पुढे 1948 साली कलात्मक तलवारींच्या जतनासाठी तिथे संस्था निघाली. ती आजही तलवारी तपासून चार पायऱ्यांमध्ये दाखले देते. घरातल्या प्रत्येक खऱ्या तलवारीची सरकारी नोंदही असावीच लागते, आणि ती नोंद तलवारीबरोबर एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते.

आणि सगळ्यांत गंमत म्हणजे तिथल्या मुली! 2015 साली जुन्या तलवारींना माणसांचं रूप दिलेला एक खेळ संगणकावर आला. तो खेळणाऱ्या तरुण मुली खऱ्या तलवारी बघायला संग्रहालयांपुढे रांगा लावायला लागल्या. महायुद्धानंतर हरवलेल्या होतारुमारू नावाच्या तलवारीची हुबेहूब प्रतिकृती करायची ठरली, तेव्हा या चाहत्यांनी भराभर वर्गणी जमवून दिली. तलवार म्हणजे पुरुषांचा प्रांत, असं तिथेही मानलं जायचंच की!

आपल्याकडे चांदबिबी नगरच्या किल्ल्यावर उभी राहून मोगलांशी लढली, अहिल्यादेवी आपल्याच चोंडीच्या लेक. तरी घरातल्या तलवारीबद्दल निर्णय घ्यायची वेळ आली, की आपण म्हणतो, 'त्यातलं आपल्याला काय कळतंय!'

'मोडीत घालू का?'

याचा अनुभव मला आमच्या बचत गटात आला. गटातली एक बाई मला म्हणाली, "ताई, माळ्यावर धन्यांच्या आज्याची तलवार पडलीये. मोडीत घालू का? पोरीची फी भरायचीये." नवरा गेलेला, दोन मुली पदरात. एक माणूस गाडीतून येऊन बघून गेला होता. "गंजलेलं लोखंड आहे, तरी पाच हजार देतो, पण आजच द्या," असं म्हणाला होता.

लोखंडच असेल तर त्याला एवढी घाई कशाला? मी तिला म्हटलं, दोन दिवस थांब, आणि तिला हात लावू नकोस. आम्ही दोघींनी ती पांढऱ्या चादरीवर ठेवली. शेजारी मुलीची शाळेतली पट्टी ठेवली आणि मोबाईलवर फोटो काढले. दोन्ही बाजू, पाठ, मूठ, बोटांचं रक्षण करणारी परज, मुठीचा आतला भाग. मग सकाळच्या तिरप्या उजेडात पुन्हा. तिरप्या उजेडात मुठीच्या खाली चार-पाच अक्षरं उठून दिसली. मराठी नव्हती, परदेशी होती.

प्राध्यापकांनी पाहून सांगितलं, की पातं जुनं आणि बहुधा परदेशी, मूठ नंतर बदललेली, म्यान तर अगदी अलीकडचं. किंमत त्यांनी सांगितली नाही. "मी व्यापारी नाही. पण किंमत कशावर ठरते, ते सांगतो." पातं आणि मूठ एकमेकांची आहेत का, पात्यात तडा किंवा जोड आहे का, मूळ पृष्ठभाग किती शिल्लक आहे, अक्षरं खरी की नंतर घातलेली, आणि ती कोणत्या घराण्यात, कशी आली याचा काही पुरावा आहे का. जुना फोटो, वाटणीपत्र, पत्र, इनामाचा कागद, काहीही. घरातली नुसती गोष्ट हा पुरावा होत नाही, पण लिहून ठेवली तर शोधायला धागा मिळतो. आणि कुणी 'थेट शिवकालीन' म्हणून शपथ घेऊन काही विकत असेल, तर आधी संशय घ्यावा. आम्लात बुडवून, मातीत पुरून नव्याची जुनी करणारे पुष्कळ आहेत.

फीचं काय झालं? गटाने तिला कर्ज दिलं. विकणं हा गुन्हा नाही, घरात चूल पेटायला हवी. पण गरजेच्या टोकावर उभं राहून, आपल्याकडे काय आहे हे न कळता विकू नये, एवढंच आमचं म्हणणं होतं. ती तलवार अजून तिच्याकडे आहे. दिरांनी वाटणीत मागितली, तेव्हा तिने सांगितलं, "फोटो काढलेत, वहीत नोंद आहे. आता काय ते सगळ्यांसमोर ठरवू." कालपर्यंत माळ्यावर पडलेल्या लोखंडाबद्दल ती असं बोलत होती!

घरच्या घरी काय करावं?

तुमच्याकडे तलवार, कट्यार, दांडपट्टा काही असेल, तर मी शिकले ते थोडक्यात सांगते.

साफ करण्याआधी फोटो आणि वहीत नोंद. लांबी, वजन, कुणाकडून आली, कुणी काय सांगितलं. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

चिंच, लिंबू, मीठ, राख, भांड्यांची पावडर, पॉलिश पेपर, तारेची घासणी, बफिंग, निकेलचा मुलामा, यातलं काहीही नको. पाण्याने धुऊ नका.

हातात सुती मोजे घाला, नाहीतर स्वच्छ फडक्याने धरा. म्यानातून काढताना म्यान मुठीत आवळून धरू नका. जुनं लाकूड धारेच्या बाजूने चिरलेलं असतं आणि पातं बोटांतून जाऊ शकतं. धारेची बाजू तळहाताकडे येऊ देऊ नका. अडकली असेल तर जोर लावू नका. आणि हे काम लहान मुलं झोपल्यावर करा.

धूळ मऊ ब्रशने झाडा. मग शिलाई मशीनचं हलकं तेल सुती कापडावर दोन थेंब घेऊन पात्यावरून पातळ हात फिरवा. खोबरेल, गोडेतेल, तूप लावू नका. ते काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरतं. तांबडी भुकटी निघत असेल, तर त्या जागी तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी मऊ कापडाने टिपा. जेवढं सहज निघेल तेवढंच. सोन्या-चांदीचं काम, अक्षरं किंवा लाटांची नक्षी दिसत असेल तर तिथे काहीच करू नका, जाणकाराला विचारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचं स्वतंत्र केंद्र आहे.

कायमची म्यानात ठेवू नका. चामडं आणि मखमल ओल धरतात. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा. म्यान शेजारी वेगळं ठेवा.

आणि पूजा? ती अवश्य करा! फक्त ओलं हळदकुंकू पात्यावर लावण्याऐवजी शेजारी सुपारीवर वाहा. टोकाला लिंबू टोचू नका. फुलं-पाणी पाटावर. देवाला भाव पुरतो.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. शंभर वर्षांहून जुनी अशी कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शस्त्र कायदा वेगळा, 1959 चा. आपल्या भागात त्याचे काय नियम लागू आहेत, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. तलवार मिरवणुकीत नाचवायला किंवा वाढदिवसाचा केक कापायला पोरांच्या हातात देऊ नका. असे केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. सांभाळणं खरंच जमत नसेल, तर संग्रहालयाला द्यावी आणि रीतसर पावती घ्यावी. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय घराघरांतून जमवलेल्या वस्तूंनीच उभं राहिलं. तिथल्या अडकित्त्यांना आणि दिव्यांना जी शान आहे, ती आपल्या माळ्यावर त्यांना कधी मिळाली असती का?

आमची तलवार अजून आमच्याकडेच आहे. बफिंगची चकाकी हळूहळू मावळून पातं करडं होऊ लागलं आहे. मी त्याला हात लावत नाही, फक्त तेल लावते. सासूबाई गेल्या. जाण्याआधी एका दुपारी मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि ती अक्षरं कशी होती ते विचारलं. त्यांनी डोळे मिटले, माझ्या तळहातावर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "इथं एक उभी रेघ. मग वाटोळं. मग दोन टिंबं असल्यासारखं." मी ते तसंच वहीत काढून ठेवलं आहे. त्याचं नाव होत नाही, हे मला कळतं. तरी ते पान मी पुतण्याला दाखवलं. त्याने त्याचा फोटो काढून स्वतःजवळ ठेवला.

गेल्या खंडेनवमीला त्यानेच पाट मांडला आणि मशीनचं तेल, मऊ फडकं काढून ठेवलं. चिंच मी फक्त वाटीभर भिजवली, आमटीपुरती.